गातून तळ्याची पातळी

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

नवी वही. आधी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर आठवत बसायला नको.

सायकलच्या चाकाचा टेबलफॅन, सिन्नर, १९८८. अजून फिरतो, फक्त उलटा. आईसाठी दातेरी चाकांचा सोऱ्या, त्यातून एका वेळी सहा चकल्या पडायच्या. मुलीचा, ओवीचा पाळणा, एकही खिळा न मारता. या व्हिलातल्या आमच्या वाट्याच्या गाडीच्या शेडचं छप्पर. घरातले सगळे नळ. बायकोच्या, विभावरीच्या शिलाई मशीनचं पायडल. सासऱ्यांचा एक दात (आठ दिवस टिकला, पण त्यात त्यांनी चिक्की खाल्ली, हे कुणी लक्षात घेत नाही).

शिक्षण दहावी. बाकी सगळं पंप उघडून आणि मॅन्युअल वाचून शिकलो. दोह्यात एकोणीस वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा मुशैरिबमधल्या एका मोठ्या इमारतीच्या मेंटेनन्समध्ये.

आज हे सगळं लिहायचं कारण कौशिक. वय एकतीस, पुण्याचा, आमचा मेंटेनन्स मॅनेजर. मी त्याला सर म्हणतो, तो मला काका म्हणतो, आणि दोघांनाही ते मनापासून वाटत नाही. इमारतीच्या छतावर पाण्याच्या सहा टाक्या आहेत, सहाही गळतात. त्यासाठी वॉटरप्रूफिंग सुपरवायझर नेमायचा आहे. मी अर्ज दिला. 'शैक्षणिक पात्रता' या चौकटीत मी 'स्वतः' असं लिहिलं होतं. कौशिक म्हणाला, "काका, तुमचा हात चांगला आहे. पण पाणी अडवणं हे थिअरीचं काम आहे."

मी म्हटलं, "बरं सर." आणि दिवसभर मनात चांगली उत्तरं येत राहिली.

शनिवार, १३ सप्टेंबर

इलियास आला होता. हा मूळचा रत्नागिरीचा, पंधरा वर्षं जहाजावर खलाशी होता, आता दोह्याच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या समैस्म्याला होड्यांना फायबरचे थर लावून दुरुस्त करतो. अर्धं कलिंगड घेऊन आला आणि शेडमध्ये बसून बिया माझ्या स्वच्छ वाळूत थुंकत होता.

त्याला कौशिकचं सांगितलं. तो म्हणाला, "गुरूभाय, थिअरी काय करायची? पनामात बघितलंय मी. सबंध जहाज पाण्यानं वर उचलतात. पंप नाही, काय नाही. दार उघडलं, पाणी आलं, जहाज वर. खलास."

मग मी नकाशे काढून बसलो. दोन महासागर, मध्ये डोंगराळ जमीन. जहाज तीन पायऱ्या (दारं लावलेल्या पाण्याच्या खोल्या) चढून समुद्रापासून सव्वीस मीटर वर जातं, गातून नावाचं गोड्या पाण्याचं तळं ओलांडतं आणि दुसऱ्या बाजूला आधी एक, मग दोन अशा तीन पायऱ्या उतरतं. सगळं काम तळ्यातल्या पाण्याच्या वजनावर चालतं. तळं भरलेलं राहिलं तर कालवा आहे, नाही तर नुसता खंदक.

महाराष्ट्र मंडळाची दिवाळीची किल्ले स्पर्धा आहेच. परीक्षक घरोघरी येतात, आणि यंदा एक परीक्षक कौशिक आहे. किल्ला सगळेच करतात. मी पनामा कालवा करणार, चालणारा.

विभावरीला सांगितलं. ती म्हणाली, "करा. पण माझ्या तुळशीपासून लांब."

सोमवार, २२ सप्टेंबर

शेडमधल्या वाळूवर टेबल मांडलं, कालवा त्यावर. पायऱ्यांचं माप एकास हजार. पायरीची लांबी ३०५ मिलिमीटर, बरोबर. रुंदी ३३.५ हवी होती, मी ६७ घेतली, कारण माझी बोटं ३३.५ मध्ये जात नाहीत. हा दोष मी मान्य करतो.

दारांच्या नऊ जोड्या, म्हणजे अठरा पाकळ्या. त्यांना अठरा बारीक बिजागऱ्या लागतात. चष्म्याच्या दांडीची बिजागरी अगदी योग्य निघाली. नऊ जुने चष्मे जमवले. एक विभावरीचा, तो जुना नव्हता हे नंतर कळलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

इलियासशी बोलणं बंद आहे.

मी दोन्ही टोकांना पाट्या लावल्या. पश्चिमेला पॅसिफिक, पूर्वेला अटलांटिक. इलियास म्हणाला, "उलटं लावलंस. मी पॅसिफिकच्या बाजूला सूर्य उगवताना बघितलाय."

मी म्हटलं, "पॅसिफिक अमेरिकेच्या पश्चिमेला आहे. सूर्य पश्चिमेला उगवत नाही."

"मी तिथनं दोन टाइम गेलोय."

"दोन्ही वेळा तू कांदे सोलत होतास, तूच सांगितलंस."

"कांदे डेकवर बसून सोलत होतो. सूर्य समोर होता."

"तुझं लक्ष नव्हतं."

तो चहा अर्धा टाकून गेला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मोठा नकाशा काढून कोनमापक लावला. पनामाची जमीन तिथे मुरडलेली आहे. कालवा जवळजवळ उत्तर-दक्षिण जातो, आणि पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला येतं. असं जगात दुसरीकडे क्वचितच असेल.

पाट्या बदलल्या. इलियासला कळवलं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तळ्याला इलियासने दिलेल्या फायबरचे तीन थर दिले. (तो आला. पाट्यांकडे बघून काही बोलला नाही. मोठ्या मनाचा आहे किंवा लक्ष नाही.) संध्याकाळी सहा वाजता नळाच्या पाण्याने तळं भरलं. पट्टीवर पातळी ११८ मिलिमीटर. पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र माझ्या खिशात कायम असतं, ते बुडवलं. १४२. दोह्याच्या नळाला योग्य.

ऑफिसात कौशिकला सांगितलं होतं. तो हसून म्हणाला, "काका, पंधरा दिवस ते पाणी टिकवून दाखवा. रोजची नोंद ठेवा. चोवीसला आम्ही येऊ. टिकलं तर तुमचा अर्ज मी स्वतः वर नेतो, ती चौकट मी बघून घेईन."

चारचौघांसमोर म्हणाला. जेवणाच्या टेबलावर हे सांगितलं तेव्हा विभावरी वाढता वाढता थांबली. "म्हणजे तळं भरलेलं दिसलं की सुपरवायझर?"

"दिसलं नाही, राहिलं," मी म्हटलं. मुद्द्यांत फरक असतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दुपारी जेवून झोपण्याआधी सहज बघितलं. ११२. काही सुचेना, म्हणून झोपलो. उठून पुन्हा बघितलं, ११८ बरोबर. दुपारच्या उन्हात पट्टी फुगते असं दिसतं. यापुढे माप फक्त संध्याकाळी सहाला घ्यायचं.

रविवार, १२ ऑक्टोबर

११८. क्षार ९६.

पाणी टिकलं आहे, शिवाय शुद्ध होत चाललं आहे. मला वाटतं फायबर क्षार ओढून घेतं. याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही. बहुधा कुणी मोजलंच नसेल.

सोमवार, १३ ऑक्टोबर

११८. क्षार ७१.

टेबलाच्या तिसऱ्या पायाशी, पॅसिफिकच्या खाली, कलिंगडाचा वेल उगवला आहे. पाच पानं. इलियासच्या बिया. मी तिथे थेंबभर पाणी घातलेलं नाही. लोक वाळवंट वाळवंट म्हणतात, पण या मातीत दम आहे.

उलट दाराजवळचा कढीपत्ता सुकत चालला आहे. एसीच्या नळीचं पाणी बादलीत साठवून विभावरी गेली आठ वर्षं त्याला घालते. आठवण करून दिली. म्हणाली, "हो, राहतं हल्ली." दिवाळीच्या फराळात चिवडा असतो, चिवड्यात कढीपत्ता असतो, एवढा पुढचा विचार माणसाने करावा.

बुधवार, १५ ऑक्टोबर

११८. क्षार ४८.

कौशिकला नोंदी दाखवल्या. सहा दिवस एकच आकडा बघून त्याने भुवया उंचावल्या. "काका, बाष्पीभवन तरी व्हायला हवं होतं ना?"

मी म्हटलं, "थिअरीत होतं सर."

आज फार चांगला दिवस गेला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

विभावरी आणि ओवी दोन दिवसांसाठी कतारच्या पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला ईश्वरीकडे गेल्या आहेत. ईश्वरी विभावरीची मैत्रीण, तिचं स्वयंपाकघर मोठं आहे, मंडळाचा फराळ तिथे होतो. निघताना विभावरी दोनदा परत आत आली. एकदा पर्स राहिली म्हणून, एकदा काहीच राहिलं नव्हतं. मला म्हणाली, "तुम्ही दोन दिवस माप नका घेऊ. जरा विश्रांती घ्या."

मी म्हटलं, "माप न घेणं ही विश्रांती नाही."

पातळी १०९.

१०९!

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

१००. दोन दिवसांत अठरा मिलिमीटर. इलियासला फोन करून बोलावलं. बुधवारी तो अटलांटिकच्या काठावर कोपर टेकून बसला होता, ते मला आठवलं.

"तुझ्या कोपराने तडा गेला."

"गुरूभाय, माझ्या कोपरानं होडी नाही फुटत."

"होडी तू स्वतः केलेली नसते."

त्याने हाताने सगळं चाचपलं, टेबलाखाली वाकला, वेलाकडे बराच वेळ बघत राहिला. वेल आता टेबलाच्या पायावर चढला आहे. "वेल छान झालाय," एवढंच म्हणाला. संकटात माणसाचं लक्ष कुठे जातं बघा.

कौशिकला काय सांगू? नोंद खोटी लिहिणार नाही. १०० म्हणजे १००.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दुपारी विभावरी परतली. चेहऱ्यावरूनच तिला समजलं असावं. "किती?" म्हणाली. मी सांगितलं, शंभर. "झोपा थोडं," म्हणाली. झोप येत नव्हती तरी पडलो.

संध्याकाळी सहाला ११८.

मी पट्टी पुसून तीनदा बघितलं. तडा आपोआप बुजला, आणि फायबरने शोषलेलं पाणी परत सोडलं, एवढंच स्पष्टीकरण शक्य आहे. तीन पानी टिपण लिहिलं आहे. ओवीला वाचून दाखवलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. ती आईकडे बघून म्हणाली, "वॉव, मॅजिक फायबर." तिला विज्ञानाची आवड लागते आहे.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. ओवाळणी झाली. ११८. क्षार २२.

या आकड्यापाशी अडकलो. २२ एवढं स्वच्छ पाणी दोह्यात नळाला येत नाही, विकतच्या बाटलीतही नसतं. असं पाणी मी रोज कामावर बघतो. एसीच्या नळीतून पडतं ते. ती हवेतली वाफ असते, तिच्यात क्षार नसतातच.

दाराशी गेलो. बादली होती. यंत्र बुडवलं.

१९.

बादलीत पाणी तळाशी बोटभर. शेजारी कढीपत्ता, काड्या झालेला. तिथून टेबलाखाली बघितलं. तिसऱ्या पायाची वाळू हाताने उकरली. ओली. वेलाला दोन फुलं आली आहेत.

जेवलो. बासुंदी होती. चांगली झाली होती.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

कामावरून दोन तास लवकर निघालो. फाटकाच्या फटीतून शेड दिसते.

विभावरी स्टीलच्या पेल्याने पाणी घालत होती. पेला पाण्याला टेकवून, हळूहळू, तळ्यातलं माझं जहाज हलू नये म्हणून. पट्टीवरचे आकडे वाचायला ओवीला बसवलं होतं. विभावरीचा चष्मा नाही ना. त्याच्या बिजागऱ्या दुसऱ्या पायरीच्या दारांना आहेत.

"किती गं?"

"वन सिक्स्टीन."

"मराठीत सांग, मी मोजतेय."

"एकशे सोळा, आई. टू मोर. स्टॉप, स्टॉप. डन."

मग विभावरीने पदराने टेबलाची कड पुसली, पेला कढीपत्त्यामागे ठेवला आणि कमरेवर हात ठेवून कालव्याकडे बघत उभी राहिली. तिने तो एवढा वेळ नीट बघितलेला मी आत्तापर्यंत पाहिला नव्हता.

मी कंपाउंडला बाहेरून दोन फेऱ्या मारल्या आणि फाटक जोरात वाजवत आत आलो.

सहाला माप घेतलं. ११८ होतं, म्हणून ११८ लिहिलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

परीक्षक आले. मंडळाचे अध्यक्ष गोविंदराव आणि कौशिक. गोविंदरावांनी दारातूनच विचारलं, "महाराज कुठे आहेत?"

मी म्हटलं, "हा पनामा कालवा आहे."

"ते कळलं. पण महाराज कुठे आहेत?"

विभावरीने आतून मूर्ती आणून गातूनच्या डोंगरावर ठेवली. गोविंदरावांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "आता चालू करा."

मी अटलांटिकचं पहिलं दार उघडलं. जहाज आत आलं, दार बंद झालं, नळी उघडली. पाणी चढलं, जहाज वर आलं. दुसरी पायरी, तिसरी, तळं. मग पलीकडे उतरणं. अठरा पाकळ्यांपैकी एकही अडकली नाही. शेवटचं दार उघडून जहाज पॅसिफिकमध्ये गेलं तेव्हा गोविंदराव टाळ्या वाजवायचं विसरले आणि म्हणाले, "परत करा." चार वेळा केलं. एका जहाजाला पाऊण लिटर गोडं पाणी समुद्रात जातं, हे प्रत्येक वेळी सांगितलं.

इलियास मागे उभा होता. "सेम टू सेम," म्हणाला. "फक्त तिकडे एवढी बडबड नसते."

कौशिकने नोंदवही हातात घेतली. पान पान बघितलं. सोळा तारखेला १०९, सतराला १००, अठराला पुन्हा ११८, हे बोट ठेवून वाचलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "काका, खराब आकडे पण लिहिलेत. हेच बघायचं होतं मला. रविवारी ऑफिसला या. फॉर्मवर सही करून टाकू. सहा टाक्या, हाताखाली चार माणसं, महिना अठराशेची वाढ."

विभावरीने तोंडाला पदर लावला. मी तोंड उघडलं, आणि गोविंदराव मध्ये आले, "ती चकली घरची का?"

बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. पहिला थर्माकोलचा राजगड. त्याच्यात पाणी नव्हतं, हे मी फक्त नोंदवतो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सबंध दिवस फॉर्मचा विचार केला. ती चौकट कौशिकने स्वतः भरली आहे. तिथे लिहिलंय, 'पाणी पंधरा दिवस टिकवून दाखवले.'

टाक्यांच्या खाली सातव्या मजल्यावर लोकांची घरं आहेत. टाकी गळली की पाणी त्यांच्या छतातून येणार. तिथे पेला घेऊन कुणी उभं राहणार नाही.

संध्याकाळी इलियासला पाट्यांचं सांगून टाकलं. "मला तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "जुन्या गोंदाचे डाग होते."

"आणि तळं गळतंय ते?"

"वेल बघितला ना मी. गुरूभाय, वाळूत कलिंगड असंच येत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"भाभी बोलल्या, गप ऱ्हा."

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळी आठला कौशिकच्या केबिनमध्ये गेलो. त्याने पेन पुढे केलं.

मी म्हटलं, "सर, तळं गळतं."

"किती?"

"दिवसाला नऊ मिलिमीटर. साधारण पाच लिटर. पॅसिफिककडच्या सांध्यातून."

त्याने नोंदवही आठवून बघितली असावी. "मग ११८ कसं?"

"पाऊस पडत होता."

"दोह्यात? ऑक्टोबरात?"

"आमच्याकडे पडला. दोन दिवस नव्हता, ते आकडे तुम्ही बघितलेत."

कौशिकने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "काका, हे मला कधीच कळलं नसतं."

"म्हणून तर सांगायला आलो."

"गळती कळलीय तर सांधा दुरुस्त करा, पुन्हा पंधरा दिवस ठेवा. पद मात्र मी पंधरा दिवस रिकामं ठेवू शकत नाही. आज सही केलीत तर तुमचं."

"नको."

"विचार करा. यल्ला, चला, घरी तरी विचारा."

"घरी विचारलं तर दोघी हो म्हणतील," मी म्हटलं आणि पंपरूमला गेलो. तिथे दोन नंबरच्या पंपाचं सील बदलायचं होतं. बदललं. ते गळत नाही.

संध्याकाळी विभावरीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच राहिलं.

"नाही म्हणून आलात?"

"हो."

"तेरा दिवस मी ती बादली ओढली. पेल्यापेल्याने घातलं, तुमचं ते जहाज हलू नये म्हणून. ईश्वरीकडे करंज्या करताना जीव थाऱ्यावर नव्हता माझा. कढीपत्ता मारला."

"पंच्याहत्तर लिटर होतात," मी म्हटलं.

"काय?"

"पंधरा गुणिले पाच. अठराला तीन दिवसांचं एकदम घातलंस."

तिने लाटणं खाली ठेवलं. मग सावकाश विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"बावीसला. पाडव्याला."

"पाडव्याला. म्हणजे तेवीसला आणि चोवीसला तुम्हाला माहीत होतं, तरी मला उचलू दिलंत? दोन दिवस?"

आतून ओवी म्हणाली, "दॅट्स टेन लिटर्स, बाबा."

पोळी तव्यावर करपली होती. ती मी काढली आणि माझ्याच ताटात घेतली. जेवण झाल्यावर बादली उचलली आणि सगळं पाणी कढीपत्त्याला घातलं. खालून एका काडीला हिरवा ठिपका आहे. विभावरीला बोलावून दाखवला. तिला चष्म्याशिवाय दिसला नाही. उद्या दुसऱ्या पायरीच्या दारांच्या दोन बिजागऱ्या काढून तिचा चष्मा पुन्हा जोडायचा. पातळी आज १०१, मी पाणी घातलेलं नाही.

नोंदीसाठी: वॉटरप्रूफिंग सुपरवायझर हे पद, सहा टाक्या आणि हाताखाली चार माणसं यांसह, आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नाकारलं. वाढ दरमहा अठराशे कतारी रियाल होती.